साडेतीन इंचांचं कोडं

शाळेतला संगणक मेला म्हणून लगेच सुटत नाही. डेडस्टॉक रजिस्टरला त्याची नोंद असते. निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंद कायमची काढून टाकण्याचा प्रस्ताव, त्यावरचा ठराव आणि ठरावाखालच्या सह्या होईपर्यंत तो कागदोपत्री जिवंतच असतो. आमच्या लॅबच्या मागच्या खोलीत असे बरेच कागदोपत्री जिवंत पडून होते. मळकट पांढरे डबे, पाठीला कुबड आलेले मॉनिटर, शेपट्या एकमेकांत गुंतलेले माउस, की-बोर्डांची चळत. निर्लेखन एकदाचं झालं तेव्हा हेडक्लार्क म्हणाले, "मॅडम, आता त्याचं काय वाट्टेल ते करा, फक्त परीक्षेच्या आधी खोली रिकामी करून द्या. बाकं ठेवायला जागा नाही." मला तेवढंच हवं होतं. नववीचे संगणकाचे तास मी त्या खोलीत भरवायला लागले.

दोनच गोष्टींना हात लावायचा नाही असं ठरलं. एक मॉनिटर आणि दुसरा पॉवर सप्लायचा पत्र्याचा डबा. मॉनिटरच्या काचेच्या नळीत प्लग काढल्यानंतरही हजारो व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात आणि पॉवर सप्लायमधले वीज साठवून ठेवणारे मोठे कपॅसिटरही बेभरवशाचे. बाकी सगळं खोला. टेस्टर, पक्कड, चिमटा, घरून मिळेल ते आणा. मात्र काढलेला प्रत्येक स्क्रू कुठून काढला ते वहीत लिहा. मुलांना ही शेवटची अट जाचक वाटली. पुढे तिनंच एक गंमत दाखवली. हार्ड डिस्कचे स्क्रू सीडी ड्राइव्हला बसेनात. दिसायला सख्खे भाऊ, पण एकाचे आटे जाड आणि दुसऱ्याचे बारीक. हार्ड डिस्कचा स्क्रू अमेरिकी इंची मापाचा, सीडी ड्राइव्हचा मिलिमीटरच्या मापाचा. एकाच डब्यात, वीतभर अंतरावर, मोजमापाच्या दोन पद्धती नांदत होत्या आणि इतकी वर्षं आमच्यापैकी कुणालाच त्याचा पत्ता नव्हता.

हार्ड डिस्क निघाली तेव्हा एका मुलीनं मला विचारलं, की हिला साडेतीन इंची का म्हणतात. मी सांगण्याऐवजी म्हटलं, कंपासपेटीतली पट्टी काढ आणि मोज. तिनं रुंदी मोजली. दहा सेंटिमीटर आणि वर थोडं, म्हणजे बरोब्बर चार इंच. लांबी मोजली तर पावणेसहाच्या वर. उंची एक इंच. सगळ्या बाकांवरून पट्ट्या आल्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या डिस्का मोजून झाल्या, सगळ्यांचं माप एकच आणि साडेतीन कुठेच नाही. "बाई, आत असेल," असं कुणीतरी म्हणालं. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून स्टारच्या पान्यांचा सेट आणला होता. लेबलाखाली दडवलेला स्क्रूही सापडला आणि झाकण निघालं. आतली चकचकीत तबकडी साडेनऊ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ पावणेचार इंच. साडेतीन म्हटलं की आपल्याला मुहूर्त आठवतात, शक्तिपीठं आठवतात. इथे मात्र साडेतीन नावालाच होतं.

उत्तर त्याच डब्यात, हार्ड डिस्कच्या वरच्या खणात होतं. तिथे फ्लॉपी ड्राइव्ह होता. फ्लॉपी म्हणजे माहिती साठवायची, ड्राइव्हमध्ये घालता-काढता येणारी पातळ चकती. खणात एक फ्लॉपी अडकूनही पडली होती, तिच्यावर स्केचपेननं 'निकाल – सहामाही' असं लिहिलेलं. फ्लॉपी मोजली. नऊ सेंटिमीटर, म्हणजे साडेतीन इंच आणि केसभर जास्त. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सोनीनं ही कडक कवचाची छोटी फ्लॉपी आणली. तिचा ड्राइव्ह बसेल एवढा खण संगणकाच्या डब्यात आला, आणि १९८३ साली स्कॉटलंडच्या रोडाइम नावाच्या कंपनीनं त्याच खणात मावेल अशी हार्ड डिस्क केली. म्हणून ती साडेतीन इंची. तिच्या अंगावरचं कुठलंच माप साडेतीन नाही. ज्या फ्लॉपीच्या खणात ती राहायला आली, त्या फ्लॉपीचं ते माप.

याच्याही मागे एक पायरी आहे. शुगार्ट असोसिएट्स या अमेरिकी कंपनीनं १९७६ साली सव्वापाच इंची फ्लॉपीचा ड्राइव्ह काढला. ही कंपनी ज्याच्या नावाची, तो अ‍ॅलन शुगार्ट तोवर तिथून बाहेर पडला होता. पुढे त्यानं दुसरी कंपनी काढली, तीच आजची सीगेट. तिनं १९८० साली पाच मेगाबाइटची हार्ड डिस्क आणली आणि ती सव्वापाच इंची फ्लॉपीच्या जागेत बसेल अशी बेतली. सीडीसुद्धा मोजून पाहा. चकती बारा सेंटिमीटरची, ड्राइव्ह साडेचौदाच्या पुढे. इतकी जागा तिला कशाला? तर तो खणही त्या जुन्या फ्लॉपीचा. आमच्या शाळेत ती सव्वापाच इंची फ्लॉपी कधीच नव्हती. तिची जागा मात्र प्रत्येक डब्यात राखलेली होती.

याच ओघात आमच्या ऑफिसातला एक मेलेला एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपांवर माहिती साठवणारा ड्राइव्ह, मुलांना दिला. लॅपटॉपच्या अडीच इंची हार्ड डिस्कच्या आकाराचा तो पातळ खोका. झाकण काढलं तर आत एक चतकोर सर्किट बोर्ड आणि बाकी मोकळी हवा. एकानं खोका उलटा करून हलवूनही पाहिला. फिरणारी तबकडी नाही, मोटार नाही, तरी खोक्याचा आकार तबकडीचाच. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो सहसा तासाला झोपलेला असतो, तो म्हणाला, "बाई, म्हणजे माणूस गेला तरी सातबारावर नाव तसंच." मी त्याला बसायला सांगितलं, पण मनात म्हटलं की इतकं नेमकं मला सुचलं नसतं.

आपण संगणकाचा इतिहास शिकतो तो तक्त्यातून. तुम्ही कुठल्याही बोर्डाचे असा, पिढ्यांचा तो तक्ता तुम्ही पाठ केलेला आहे. पहिली पिढी व्हॅक्यूम ट्यूब, दुसरी ट्रान्झिस्टर, तिसरी आयसी (म्हणजे एकाच तुकड्यावरचं अख्खं सर्किट), चौथी मायक्रोप्रोसेसर, पाचवी कृत्रिम बुद्धिमत्ता. समोर वर्षं. पाच गुणांना येतो. हा तक्ता खोटा नाही. १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिॲकमध्ये अठरा हजारांच्या घरात ट्यूब होत्या. पहिला ट्रान्झिस्टर बेल लॅबमध्ये १९४७ च्या डिसेंबरात चालला. किल्बी आणि नॉइस यांच्या आयसी १९५८-५९ च्या, आणि इंटेलचा ४००४ हा मायक्रोप्रोसेसर १९७१ चा. वर्षं बरोबरच आहेत. माझी तक्रार तक्त्याच्या रेघांबद्दल आहे. त्या रेघांमुळे वाटतं, की एक पिढी गेली, दार लागलं आणि मग दुसरी आली.

आमच्या खोलीत ते दार कुठे दिसेना. कुबडवाला मॉनिटर म्हणजे काय? काचेची नळी, आतली हवा काढून घेतलेली, मागे तापणारी तार, तारेतून सुटणारे इलेक्ट्रॉन. म्हणजे व्हॅक्यूम ट्यूबच. जर्मनीच्या कार्ल फर्डिनांड ब्राउननं १८९७ साली केलेल्या नळीची ही थेट वंशज. म्हणजे पहिली पिढी आमच्या लॅबमध्ये टेबलावर बसून थेट पोरांच्या डोळ्यांत बघत होती. त्याच टेबलाखालच्या डब्यात सुट्टे ट्रान्झिस्टर होते, शेजारी आयसींची रांग, आणि पंख्याखाली मायक्रोप्रोसेसर. एकत्र कुटुंबात पणजीपासून पणतूपर्यंत सगळे एका स्वयंपाकघरात जेवतात, तसे चारही एका वायरीवर चालत होते. पाचव्या पिढीचं प्रकरण तर आणखी मजेचं. ते नाव जपान सरकारनं १९८२ साली हाती घेतलेल्या एका प्रकल्पाचं. प्रकल्प दहाएक वर्षांत गुंडाळला गेला. आपल्या तक्त्यातली पाचवी पिढी मात्र अजून 'भविष्यकाळ' या शेऱ्यासह सुखानं नांदते आहे.

खोललेल्या हार्ड डिस्ककडे परत येते, कारण मुलं तिच्यापासून हलायला तयार नव्हती. तबकडी आरशासारखी. मुलींनी तिच्यात केस नीट केले, मुलांनी उन्हाचा कवडसा भिंतीवर पाडला. तबकडीवर झुकलेला एक बारीक हात, त्याच्या टोकाला मोहरीपेक्षा लहान असं वाचन-लेखनाचं डोकं. चालू असताना हे डोकं तबकडीला टेकत नाही, फिरणाऱ्या तबकडीबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेच्या पातळ थरावर तरंगतं. म्हणून डब्याला एक छोटं भोक असतं, आतून गाळणी लावलेलं, आणि बाहेर लिहिलेलं असतं की हे बुजवू नका. हाताच्या दुसऱ्या टोकाला तांब्याच्या तारेचं वेटोळं, वरखाली दोन चुंबकं. चुंबकं इतकी कडक, की पक्कड हातातून ओढून घेतली.

वर्गात एकाच्या घरचा मंडप आणि साउंडचा धंदा आहे. गणपतीत आमच्या भागात ज्याला सगळे 'डॉल्बी' म्हणतात, तो त्यांचाच. त्यानं ते वेटोळं बघितलं, बोटानं हलवलं आणि म्हणाला, "बाई, हा स्पीकर आहे." बाकीचे हसले. तो हटला नाही. "शंकूचा कागद काढला की स्पीकरमध्ये हेच असतं. चुंबक, मध्ये कॉइल, करंट दिला की कॉइल पुढे-मागे. आम्ही जळलेली कॉइल बदलतो की." त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. हार्ड डिस्कच्या या भागाला कारागीर आजही व्हॉइस कॉइल म्हणतात. जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली हलत्या कॉइलच्या लाउडस्पीकरचा आराखडा मांडला. तिथे कॉइलनं कागद हलवायचा आणि हवा हलवायची. इथे तिनंच तो बारीक हात नेमक्या रेघेवर नेऊन उभा करायचा. मी पुस्तकातून हे शिकले होते, त्यानं मिरवणुकीतून. आणि खरं सांगायचं तर त्याचं ज्ञान माझ्यापेक्षा जास्त कामाचं आहे. माझ्याच्यानं जळलेली कॉइल बदलली जाणार नाही.

लेबलावर ४० जीबी लिहिलं होतं. मी फळ्यावर १९५६ सालच्या रॅमॅकची माहिती लिहिली. आयबीएमनं कॅलिफोर्नियात सॅन होजे इथे केलेला जगातला पहिला डिस्क ड्राइव्ह. चोवीस इंची पन्नास तबकड्या, वजन एक टनाच्या आसपास, आणि मावणारी अक्षरं पन्नास लाख. भागाकार त्यांनीच केला. आमच्या भंगारातली एक डिस्क बरोबर आठ हजार रॅमॅक. आठ हजार टन वजनाचं सामान एका मुलीनं दप्तराच्या पुढच्या कप्प्यात घालून दाखवलं.

माउसवर फार वेळ गेला नाही. डग्लस एंगेलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास केलेल्या लाकडी माउसला खाली दोन चाकं होती, पुढे चाकांच्या जागी गोळी आली, मग गोळी जाऊन कॅमेरा. आजच्या साध्या माउसच्या पोटात खरोखरच एक चिमुकला कॅमेरा असतो. तो सेकंदाला हजाराहून जास्त फोटो काढतो आणि दोन फोटोंतला फरक बघून आपण किती सरकलो ते ठरवतो. आमच्या जुन्या माउसमधल्या रबरी गोळ्या मुलांनी मधल्या सुट्टीत क्रिकेटला लावल्या आणि तो धडा तिथेच संपला.

मला स्वतःला ज्यानं सगळ्यात जास्त खिळवलं ती वस्तू मुलांना आधी दिसलीच नव्हती. मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवर, पत्र्याची एक लांबट गोल डबी असते, नखाएवढी. तिच्यावर आकडा छापलेला: १४.३१८. आत क्वार्ट्झचा स्फटिक. वीज दिली की तो ठरलेल्या गतीनं कंप पावतो, इथे सेकंदाला एक कोटी त्रेचाळीस लाखांहून थोडा जास्त वेळा. सगळ्या बोर्डाचा ताल या डबीवर. मी विचारलं, हाच आकडा का? चौदा का नाही, पंधरा का नाही? आकडा गोल करायला काय हरकत होती?

मग चारानं भागायला सांगितलं. ३.५७९५. हा आकडा अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीचा. तिथे १९५३ साली रंगीत प्रक्षेपणाचं मानक ठरलं. घरोघरी असलेल्या काळ्या-पांढऱ्या संचांना त्रास न होता रंगाची माहिती त्याच लहरींत मिसळायची होती. बऱ्याच आकडेमोडीनंतर रंगासाठी ३.५७९५४५ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला पस्तीस लाखांहून जास्त कंपनं, हा ठोका पक्का झाला. पुढे १९८१ साली आयबीएमनं आपला पीसी काढला. तो घरच्या टीव्हीला जोडता यावा अशी सोय ठेवायची, तर टीव्हीचा ठोका लागणारच. मग प्रोसेसरसाठी वेगळा स्फटिक कशाला? टीव्हीच्या चौपट गतीचा एकच बसवला. चारानं भागून टीव्हीला, तीनानं भागून प्रोसेसरला, बारानं भागून घड्याळाच्या चिपला. मुलांनी तिन्ही भागाकार केले. तीनानं भागल्यावर ४.७७ येतात. आयबीएमच्या त्या पहिल्या पीसीची गती म्हणून हा आकडा जुन्या लोकांना तोंडपाठ आहे. त्यातला इंटेलचा प्रोसेसर पाच मेगाहर्ट्झला चालू शकत होता. टीव्हीच्या पंक्तीला बसवल्यामुळे त्याला जरा कमी वाढलं गेलं.

ठीक आहे, १९८१ साली कारण होतं. पण आमचे डबे पुढच्या शतकातले, प्रोसेसर अब्जांच्या गतीचा, मॉनिटर स्वतंत्र. टीव्हीला जोडणं कुणाच्या गावीही नव्हतं. आणि भारतात तर हे मानक कधी आलंच नाही. १५ ऑगस्ट १९८२ पासून दूरदर्शन रंगीत झालं ते पाल पद्धतीवर, तिचा ठोकाच वेगळा. तरी ही डबी इथवर आली. कारण बाराव्या हिश्शाच्या त्या घड्याळावर एवढे प्रोग्रॅम बेतले गेले होते, की आकडा हलवला तर सगळ्यांचा काळ चुकला असता. म्हणून प्रत्येक नव्या कंपनीनं तो तसाच ठेवला. कुणी बसून 'हा जपू या' असं ठरवलेलं नाही. बदलायचं तर खर्च कुणी करायचा, एवढाच प्रश्न होता, आणि त्याला कुणी हात वर केला नाही.

या ठिकाणी माझं मत सांगून टाकते. संगणकाच्या इतिहासात आपण शोधकांची नावं शिकवतो. ती शिकवावीत. पण डब्यात जे खरंच शिल्लक आहे त्यातलं निम्मं शोधांमुळे नाही, अडचण नको म्हणून शिल्लक आहे. नववीच्या पोरांना हे फार लवकर कळतं. घरात, गावात, शाळेत त्यांनी अशा गोष्टी पाहिलेल्या असतात, की ज्यांचं मूळ कारण सांगणारं माणूसही आता उरलेलं नाही, पण त्या मोडायला कुणी तयार नाही. संगणकातही तेच आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं इतकंच.

रॅमच्या, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या पट्टीला पोचलो तेव्हा भंगाराच्या दुकानदाराचा मुलगा पुढे आला. आजवर तो मागेच असायचा. पट्टीच्या कडेची पिवळी दातं दाखवून म्हणाला, हे सोनं आहे, आणि रॅम आमच्याकडे वेगळी काढतात, मदरबोर्डात घालत नाहीत. सोन्याचा अगदी पातळ मुलामा, कारण सोनं गंजत नाही आणि जोड पक्का राहतो. कुठल्या बोर्डाला काय भाव येतो, जुना प्रोसेसर नव्यापेक्षा महाग का जातो, हे तो सांगत होता आणि मी ऐकत होते.

त्या पट्टीवर ५१२ एमबी लिहिलेलं. इथे मी त्यांना गोष्टीतून मुंबईला नेलं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालच्या तरुण मंडळींनी बांधलेला संगणक १९६० साली सुरू झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिलं. त्यात दोन हजार सातशे व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि स्मृती होती फेराइट या चुंबकी पदार्थाच्या बारीक कड्यांची. चाळीस बिटांचे, म्हणजे चाळीस शून्य-एकांचे, २०४८ शब्द मावत. म्हणजे ८१,९२० बिट, म्हणजे दहा केबी. आमची पट्टी म्हणजे बावन्न हजारांहून जास्त टिफ्रॅक.

मोठे आकडे ऐकून मुलं 'आई शप्पथ' म्हणतात आणि विसरतात, म्हणून आम्ही ती स्मृती ओवायला घेतली. फेराइटची कडी कुठे मिळणार? कटलरीच्या दुकानातून मणी आणले. आठ आडव्या तारा, आठ उभ्या, प्रत्येक चौकात एक मणी. खऱ्या यंत्रात एका उभ्या आणि एका आडव्या तारेतून अर्धा-अर्धा प्रवाह सोडतात. दोघांची बेरीज ज्या कड्यात होते तेवढंच कडं उलटतं, बाकीची जागची हलत नाहीत. एका कड्याचं चुंबकत्व एका बाजूला म्हणजे शून्य, दुसऱ्या बाजूला म्हणजे एक. वाचायचं तर तेही उलटवूनच कळायचं, त्यामुळे वाचलं की पुसलं जायचं आणि लगेच पुन्हा लिहावं लागायचं. आजच्या रॅममध्ये कड्याच्या जागी इवलासा कपॅसिटर आहे. तिथेही वाचलं की पुसतं. शिवाय तो गळका, म्हणून न वाचलेलंही सेकंदाला कित्येकदा पुन्हा भरावं लागतं. कड्यांचं तसं नव्हतं. वीज गेली तरी त्यांच्या लक्षात राहायचं.

चौसष्ट मणी ओवून झाले. ओवणाऱ्यांत दोघी होत्या. एकीची आई तोरणं करते, त्यामुळे तिच्या हाताला वेग होता. जगभर ही कडी बहुतेक बायकांनीच ओवली, हे तिला सांगितल्यावर ती म्हणाली, "मग त्यांची नावं का नाहीत तक्त्यात?" मी तिला खरं तेच सांगितलं, की तक्ता करणाऱ्यांनी ती विचारलीच नाहीत.

मग प्रश्न आला, की या चौसष्ट मण्यांत काय मावेल. चौसष्ट बिट म्हणजे आठ बाइट. इंग्रजीत आठ अक्षरं. "आणि मराठीत?" पहिलीतलं पहिलं चित्र आठवून मी 'कमळ' लिहिलं. आज आपण युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या अक्षर-संकेतात लिहितो आणि इंटरनेटवर ते बहुतेक यूटीएफ-८ पद्धतीनं साठवतात. तीत देवनागरीच्या एका अक्षराला तीन बाइट लागतात. क, म, ळ मिळून नऊ. एक बाइट कमी पडला! 'घर' मावतं, 'कमळ' मावत नाही. 'घरी' लिहायचं म्हटलं तर दीर्घ वेलांटीचे आणखी तीन, म्हणजे तेही नाही. वर्गभर आठ बाइटांत मावणारे शब्द शोधायची झुंबड उडाली. स्वतःचं नाव कुणाचंच मावेना.

याआधी १९९१ साली भारतीय मानक झालेल्या इस्की पद्धतीत एका अक्षराला एकच बाइट लागायचा, तिथे 'कमळ' तीनात बसलं असतं. त्या काळात पडद्यावर देवनागरी आणायची तर डब्यात वेगळं कार्ड खोचावं लागे. आयआयटी कानपूरला सुरू झालेल्या आणि पुण्याच्या सी-डॅकनं पुढे नेलेल्या कामातून आलेलं ते जिस्ट कार्ड. ते एकदा हातात धरून मुलांना दाखवावं अशी माझी फार इच्छा आहे. मराठी अक्षर एके काळी हार्डवेअर होतं, काट्यावर ठेवून त्याचं वजन करता आलं असतं. भंगारात ते अजून मला मिळालेलं नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात कुणाला दिसलं तर कळवा.

खोलून सगळं कळतं असा माझा दावा नाही. प्रोसेसरशी येऊन मुलं थांबली. पिना मोजल्या, वरची टोपी कशीबशी उचकटली, आत एक करडा चौकोन. "झालं?" "झालं." इंटेलच्या ४००४ मध्ये तेवीसशे ट्रान्झिस्टर होते. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या गल्ल्या दिसतात. या करड्या चौकोनात ते काही कोटी होते आणि आमच्या जीवशास्त्राच्या सूक्ष्मदर्शकाला त्यातलं काही दिसेना. पक्कड इथे हरते. सॉफ्टवेअरला तर स्क्रूच नाहीत. तिथला इतिहास वाचूनच शिकावा लागतो, आणि तेव्हा तक्ता वाईट नसतो.

खोली रिकामी झाली. सामान ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संस्थेची गाडी येऊन घेऊन गेली, वजनाची पावती फाइलला लागली. चुंबकं मात्र एकही परत आलं नाही आणि मी विचारलंही नाही.

पुढच्या वर्षी काय उघडायचं हा पेच आहे. आता शाळेत टॅब आले आहेत आणि ते चिकटवलेले. एसटी स्टँडजवळच्या मोबाइलवाल्यानं वर्गातल्या काही जणांना दुकानात बोलावून एक मेलेला फोन गरम करून उघडून दाखवला. आत सगळं पत्र्याच्या झाकणांखाली, झाकणं डाख दिलेली. बॅटरीसुद्धा गोंदानं बसवलेली, आणि तिच्याशी खेळायची परवानगी मी देणार नव्हते. मोजायला काहीच मिळेना, तेव्हा एकानं सिमचा ट्रे ओढला. दुकानदारानं गल्ल्यातून जुन्या सिमांचा डबा काढला. मोठं, मधलं, चिमुकलं. कापून लहान करायचा तो कटरही अजून त्याच्याकडे होता. पहिली सिमं १९९१ साली फिनलंडमधल्या एका कंपनीच्या ग्राहकांसाठी आली तेव्हा अख्ख्या बँक कार्डाएवढी होती, हे सांगितल्यावर पोरांचा विश्वास बसेना. पट्टी निघाली. दर खेपेला प्लॅस्टिक कमी होत गेलं होतं, पण मधल्या सोनेरी ठिपक्यांची मांडणी तीच. "बाई, एटीएम कार्डावर पण असंच असतंय," साउंडवाला म्हणाला. माझं कार्ड घरी होतं. दुकानदारानं स्वतःचं दिलं. सिम त्याच्या चिपवर ठेवलं तर खुणेला खूण लागली. मग ते कार्ड इतक्या हातांतून फिरलं, की तो शेवटी गल्ल्यावरून उठून म्हणाला, "मॅडम, इतिहास नंतर, आधी माझं एटीएम कुणाकडंय ते बघा."